हजेरीच्या वहीत तिचं नाव

तळेगाव स्टेशनाकडून आंबीच्या रस्त्याला लागलं, इंद्रायणीवरचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात एमआयडीसीची कुंपणं सुरू होतात. इथल्या नवलाख उंबरे गावाचं नाव बाहेरच्या जगाला कळलं ते मोटारींमुळे. जनरल मोटर्सचा कारखाना इथे उभा राहिला, बंद पडला आणि पुढे ह्युंदाईने घेतला. पण याच पट्ट्यात एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्क आहे, आणि आसपासच्या मावळातल्या शेतांतही पांढऱ्या प्लास्टिकची पॉलीहाऊस जागोजागी दिसतात. आत डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन. हवा सौम्य, द्रुतगती मार्गाने मुंबईचा विमानतळ जवळ, आणि फुलशेतीचं प्रशिक्षण देणारी संस्था तळेगावातच. त्यामुळे हा धंदा इथे रुजला. फेब्रुवारीत परदेशी जाणाऱ्या गुलाबांच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. ते गुलाब कापणाऱ्या, निवडणाऱ्या आणि बांधणाऱ्या हातांत बायकांचे हात फार. त्यांतल्या बऱ्याच जणी मराठवाड्यातून, विदर्भातून, झारखंड-ओडिशाकडून नवऱ्याबरोबर आलेल्या असतात.

त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं वाटणारी माणसं तळेगावात, पिंपरी-चिंचवडमध्ये कमी नाहीत. कॉलेजची मुलं आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, कंपन्यांचे सीएसआरवाले आहेत. अडतं ते करायचं काय इथे. मग साड्या वाटल्या जातात, सॅनिटरी पॅडची पाकिटं दिली जातात, फोटो निघतात. ८ मार्चला याच बायकांना एकेक गुलाब देऊन सत्कार करणारेही भेटतात. त्याबद्दल न बोललेलं बरं. माझं मत असं की स्थलांतरित शेतमजूर बाईला वस्तूंपेक्षा एका गोष्टीची जास्त निकड असते: तिचं स्वतःचं नाव कुठल्यातरी कागदावर यावं. हजेरीच्या वहीत, बँकेच्या पासबुकावर, रेशनच्या यंत्रात, अंगणवाडीच्या रजिस्टरात. हे काम कसं चालतं, ते क्रमाने पाहू.

आधी नाव गायब कसं होतं ते समजून घेतलं पाहिजे. अशा कामावर मजूर बऱ्याचदा जोडीने ठेवले जातात. मालकाला किंवा सुपरवायझरला नवरा-बायको दोघं हवी असतात. खोली एकच लागते, माणसं टिकतात. बोलणी नवऱ्याशी होतात, उचल तो घेतो, पगार त्याच्या हातात किंवा त्याच्या खात्यात जातो. वहीत लिहिलेलं असतं त्याचं नाव आणि पुढे आकडा दोन. ऊसतोडीत हीच पद्धत जास्त उघडी दिसते. तिथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात, आणि बाई म्हणजे अर्धा कोयता. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कारणं अनेक होती. पण खाडा पडला की दंड, आणि दंड जोडीच्या उचलीतून वळता, हा हिशेब त्यांतल्या कितीतरी जणींच्या डोक्यावर टांगलेला होता. फुलांच्या कामात परिस्थिती तितकी बिकट नाही. मुळाशी असलेली जोडीची पद्धत मात्र तीच.

आता फुलांच्या कामावरच्या बायकांचा दिवस. कुणाही स्वयंसेवकाने पहिल्यांदा हे वेळापत्रक पाठ करावं, कारण आपल्या सोयीची वेळ ही त्यांची कामाची वेळ असते. गुलाबाची काढणी उन्हं चढण्याआधी, सकाळी लवकर. दुसरी फेरी दुपार कलल्यावर. कळी किती उमललेली हवी हे गिऱ्हाईक ठरवतं: लांबच्या बाजाराला घट्ट, जवळच्या बाजाराला जरा सैल. कापलेला दांडा लगेच पाण्याच्या बादलीत जातो. मधल्या वेळात बाजूच्या कळ्या खुडायच्या, कमकुवत फांद्या वाकवायच्या (याला सगळे ‘बेंडिंग’च म्हणतात), गवत काढायचं. दुपारी प्लास्टिकखालचा दमटपणा असा असतो की पाच मिनिटांत आपला चष्मा धूसर होतो. त्या मात्र डोक्याला ओढणी बांधून ओळीच्या ओळी संपवतात.

ग्रेडिंगचं टेबल जवळून बघण्यासारखं असतं. टेबलावर सेंटिमीटरच्या खुणा असतात, चाळीस, पन्नास, साठ, सत्तर. बाई एका हाताने दांडा उचलते, खुणेला लावते, कळी एकदा बोटांत फिरवते. पाकळीवर थ्रिप्स किडीचा डाग आहे का, मान वाकडी आहे का, हे त्या एका फिरवण्यात कळतं. वीस फुलं जमली की कळ्या दोन थरांत बसवायच्या, नालीदार कागद गुंडाळायचा, रबर चढवायचं आणि जुडी कोल्ड स्टोअरला. तिथे तापमान दोन ते चार अंश. घामाने भिजलेल्या कपड्यांनी तिथे आत-बाहेर करावं लागतं. जुना हातमोजा असला तर असतो. तर्जनी आणि अंगठ्याशी तो हमखास फाटलेला, कारण काटे तिथेच लागतात. या कामाला मजुरीच्या भाषेत ‘अकुशल’ म्हणतात. टेबलाशी अर्धा तास उभं राहून पाहिलेल्या माणसाला हा शब्द पुन्हा वापरवत नाही.

वर्षाचंही गणित आहे. १४ फेब्रुवारीसाठी डिसेंबरच्या मध्याला छाटणी होते, कारण छाटणीपासून फूल यायला साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवस लागतात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून परदेशचा माल आणि त्यानंतर देशातला, असं काम रात्रीपर्यंत चालतं. त्या काळात शिबिर, बैठक, सर्व्हे यांतलं काहीही ठेवू नये. उलट ओव्हरटाइमचा हिशेब तेव्हाच सगळ्यात जास्त चुकतो, त्यामुळे त्याची तयारी नोव्हेंबरातच करावी. जुलैत आजूबाजूच्या खाचरांत इंद्रायणी भाताची आवणी असते. तेव्हा गावातल्या आणि वाड्यांवरच्या बायका तिकडे जातात आणि पॉलीहाऊसमधला भार बाहेरून आलेल्यांवर पडतो.

आत शिरायचं कसं? दोन दारं आहेत. एक मालकाचं. आरोग्य तपासणी किंवा औषधफवारणीतली सुरक्षितता हा विषय घेऊन गेलं तर बहुतेक मालक नाही म्हणत नाहीत. मजूर आजारी पडलेले त्यांनाही परवडत नाहीत. पहिल्याच भेटीत मजुरीच्या दराचा विषय काढला तर मात्र फाटक बंद होतं, आणि त्याचा जाब संध्याकाळी बाईला द्यावा लागतो. दुसरं दार आशाताईंचं आणि अंगणवाडी सेविकेचं. पत्र्याच्या कुठल्या खोलीत कोण गरोदर आहे, कुणाचं बाळ डोसांना आलेलं नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. मला दुसरं दार जास्त भरवशाचं वाटतं. आशाताईंच्या मागून खोलीत गेलेल्या माणसाला चहा मिळतो. एकट्याने फॉर्म घेऊन गेलेल्याला ‘मालक बाहेर गेलेत’ एवढंच उत्तर. भाषेचाही प्रश्न असतो. जालना-परभणीकडची बाई मराठीच बोलते, पण तांड्यावरची असेल तर आपसात गोरमाटी. झारखंडकडच्या बायकांचं हिंदी कामापुरतं असतं आणि घरात सादरी किंवा संथाळी. त्यांच्यातलीच एखादी चुणचुणीत मुलगी दुभाषी म्हणून मिळाली तर अर्धं काम झालं. तिच्या वेळेचे पैसे द्यावेत, फुकट राबवू नये.

पहिलं खरं काम म्हणजे हजेरीची डायरी. दहा-वीस रुपयांचं छोटं कॅलेंडर किंवा वही प्रत्येकीला द्यायची आणि रोज रात्री तिनेच खूण करायची. लिहिता येत नसेल तरी चालतं. पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्या दिवसाला अर्धी, जादा कामाच्या प्रत्येक तासाला एक ठिपका, खाड्याला गोल. उचलीतून किंवा दुकानाच्या उधारीपोटी कापलेली रक्कम त्याच पानावर आकड्यात. आकडे बहुतेक सगळ्यांना येतात. महिन्याअखेरी ही डायरी आणि सुपरवायझरची वही शेजारी ठेवायची. भांडायला नव्हे, पडताळायला. बऱ्याचदा फरक प्रामाणिक चुकीचा असतो आणि जागच्या जागी मिटतो. मिटला नाही, तर ही ओबडधोबड रेघांची पानं महिन्याची आठवण म्हणून पुढे कामी येतात. समान कामाला समान वेतन हा नियम देशात १९७६ च्या कायद्याने आला आणि आता तो २०१९ च्या वेतन संहितेत आहे. तरी बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी का, असं विचारलं की ‘ती फवारणी करत नाही’ असं उत्तर तयार असतं. तेव्हा एकाच टेबलावर ग्रेडिंग करणाऱ्या बाईचा आणि पुरुषाचा रोज विचारावा. तिथे फवारणीची सबब चालत नाही.

कागदांचा क्रम महत्त्वाचा आहे. एकातून दुसरा निघतो. सुरुवात आधारशी जोडलेल्या मोबाइल नंबरापासून. घरात फोन एकच असतो आणि तो नवऱ्याकडे, त्यामुळे ओटीपी त्याच्याकडे जातो. ज्या बाईचा स्वतःचा नंबर नाही, तिचं काम जनसुविधा केंद्रात अंगठ्याने होतं. नंतर ई-श्रम. हे पोर्टल केंद्राने २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू केलं. वय १६ ते ५९, पीएफ किंवा ईएसआय नाही, आयकर भरत नाही, अशा कुणाही असंघटित कामगाराची नोंदणी तिथे फुकट होते आणि बारा आकडी क्रमांक मिळतो. ‘याने काय मिळणार?’ हा बायकांचा प्रश्न रास्त आहे. कार्ड मिळाल्याबरोबर हातात काही पडत नाही. पण प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्रता दाखवायला जे पुरावे चालतात, त्यांत ई-श्रम कार्ड आहे. पहिल्या बाळंतपणाला दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६,००० रुपये. परराज्यातल्या बाईलाही इथल्या अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून अर्ज करता येतो. बीपीएलचा दाखला गावाकडे राहिलेला असतो, तेव्हा हे एक कार्ड अडलेला अर्ज सोडवतं.

पैसे येतात ते तिच्याच नावच्या, आधारशी जोडलेल्या खात्यात. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजनेने आधार सीडिंग हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचवला. कुणाचे पैसे भलत्याच जुन्या खात्यात का गेले, हे तेव्हा बायका एकमेकींना समजावून सांगत होत्या. सरकारी लाभ शेवटी जोडलेल्या खात्याकडे जातो. म्हणून नवं खातं उघडण्याआधी जुनं कुठलं जोडलेलं आहे ते तपासावं. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं हे या बायकांना सोयीचं वाटतं, कारण गाव बदललं तरी पोस्ट सगळीकडे आहे.

रेशनचं काम वाटतं त्याहून सोपं आहे, आणि तिथेच लोक सगळ्यात जास्त अडतात. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालच्या कार्डावर देशातल्या कुठल्याही स्वस्त धान्य दुकानात धान्य मिळतं. गावी सासू-सासऱ्यांनी त्यांच्या वाट्याचं उचललं आणि इथे हिने आपल्या वाट्याचं, असं विभागूनही चालतं. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पण अटी तीन: कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचं हवं, साधं केशरी चालत नाही, त्यावर हिचं नाव हवं, आणि ई-केवायसी झालेली हवी. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून उतरवलेलं नसतं आणि सासरच्या कार्डावर चढलेलं नसतं, हे तर नेहमीचंच. अशी बाई यंत्रापुढे अंगठा लावते आणि यंत्र तिला ओळखत नाही. हे दुरुस्त होतं गावाकडच्या तहसील कार्यालयात, तेही पावसाळ्यात किंवा दिवाळीत ती गावी जाते तेव्हा. तेव्हा जाण्याआधी तिच्या हातात अर्ज भरून द्यावा, सोबत लागणाऱ्या झेरॉक्स टाचून. दुकानदार ‘बाहेरच्यांना नाही’ म्हणाला, तर वडगाव मावळच्या तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत तक्रार करता येते. स्वयंसेवक पहिल्या वेळी सोबत उभा राहिला तर दुकानदार सहसा एवढं म्हणतच नाही.

फवारणीकडे वळू. गुलाबावर भुरी, डावणी, लाल कोळी, थ्रिप्स यांचा सतत मारा, म्हणून औषधंही सतत. पंप बहुधा पुरुषाच्या पाठीवर असतो आणि सुरक्षेची सगळी भाषणं त्यालाच दिली जातात. बाईला विष पोचतं ते दुसऱ्या वाटांनी. फवारलेल्या ओळीत पानं वाळायच्या आत कळ्या खुडायला तिला पाठवलं जातं. संध्याकाळी नवऱ्याचे फवारणीचे कपडे ती हातांनी धुते, आणि बऱ्याचदा त्याच बादलीत पोराचे. औषधाचा रिकामा कॅन धुऊन खोलीत पाण्याला वापरला जातो. हे तिन्ही थांबवणं खर्चाचं नाही. ओळीच्या तोंडाशी फवारल्याची वेळ लिहिलेली पाटी टांगायची आणि लेबलवर दिलेला अवधी संपेपर्यंत आत जायचं नाही. कपड्यांना वेगळी बादली. कॅनला भोकं पाडून ठेवायची. बाटलीवरचा त्रिकोण सगळ्यांना ओळखता यावा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वाचता न येणाऱ्या बाईलाही हे चार रंग एका बैठकीत कळतात आणि पुढच्या आठवड्यात ती इतरांना शिकवते. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, एवढं मात्र पुनःपुन्हा सांगावं लागतं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते उघड्या रानात. इथे तर वर प्लास्टिकचं छत आहे. चक्कर, ओकारी, बाहुल्या बारीक होणं, तोंडातून लाळ यापैकी काही दिसलं की १०८ ला फोन करायचा आणि बाटली किंवा निदान तिचं लेबल सोबत न्यायचं. डॉक्टरांना कुठलं औषध ते कळलं तर उपचाराचा वेळ वाचतो.

आरोग्य शिबिराबद्दल एकच सांगतो: शिबिर घेतलं तर पाठपुरावाही घ्यावा, नाहीतर घेऊ नये. हिमोग्लोबिन मोजून कागद हातात दिला आणि गाडी निघून गेली, तर बाईला नुसती धास्ती मिळते. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं या तक्रारी पुरुष सुपरवायझरला सांगून सुट्टी मागता येत नाही, म्हणून त्या अंगावर काढल्या जातात. गोऱ्हे समितीने ऊसतोड बायकांसाठी कामावर जाण्याआधी आणि परतल्यावर तपासणी सुचवली होती. तीच रीत इथे हंगामाला लावता येईल, डिसेंबरच्या छाटणीआधी एकदा आणि फेब्रुवारी सरल्यावर एकदा.

मुलांचं नाव आईच्या नावामागोमाग येतं. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला ते जिथे राहतं तिथल्या अंगणवाडीत आहार मिळतो, रहिवासी दाखला लागत नाही. शाळेत दाखल्यासाठी अडवता येत नाही, कारण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाप्रमाणे वर्गात प्रवेश दिलाच पाहिजे. आणि कुटुंब हलतं तेव्हा शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं, म्हणजे पुढच्या गावी पोरगं पुन्हा पहिलीत बसत नाही. पुण्यात बांधकामांच्या जागी जाऊन मुलांना शिकवणाऱ्या ‘डोअर स्टेप स्कूल’ने, जी १९८८ साली मुंबईत सुरू झाली, वर्ग कामाच्या ठिकाणी नेण्याची रीत फार पूर्वी घालून दिली. पॉलीहाऊसच्या पट्ट्यात मात्र खोल्या विखुरलेल्या असतात. एका जागी पुरेशी मुलं जमत नाहीत. त्यापेक्षा गावच्या शाळेपर्यंतची सोबत आणि रिक्षा यांची सोय लावणं जास्त उपयोगी पडतं.

एक विषय बायका शेवटी काढतात, आणि तोही फक्त बाईपाशी: सुपरवायझरचं बोलणं, हात लावणं, रात्री खोलीची कडी वाजवणं. इथे पुरुष स्वयंसेवकाने बाजूला व्हावं. कार्यस्थळावरच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शेतमजूर बाईलाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी; नसतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. वकील लागला तर वडगाव मावळच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मात्र तक्रार करायची की नाही हे तिनेच ठरवायचं. तक्रारीबरोबर खोली जाऊ शकते, नवऱ्याचं काम जाऊ शकतं, घरात तिलाच बोल लागू शकतो. हे सगळं मोजून ती ‘नको’ म्हणाली तर आपला उत्साह आवरावा. त्या रात्रीपुरती राहायला सुरक्षित जागा कुठे मिळेल याचं उत्तर आपल्याकडे आधी तयार हवं. ते नसेल तर तिला तक्रारीचा आग्रह करण्याचा आपल्याला अधिकार नाही. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्या डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावा, शेजारी नाव न घालता.

स्वयंसेवकांसाठीही काही पथ्यं आहेत. कुणाचंही मूळ आधार, पासबुक आपल्या पिशवीत नेऊ नये, ‘उद्या आणून देतो’ म्हणूनसुद्धा नाही. आधारचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. ओटीपी तिच्याच फोनवर तिनेच वाचायचा, वाचता येत नसेल तर आकडे एकेक दाखवून. सरकारी कामाची तारीख स्वतःच्या तोंडाने सांगू नये. ती चुकली की खोटे आपण ठरतो. आणि नवऱ्याला वगळून काम करायला जाऊ नये. बायकोचं खातं म्हणजे आपल्या हातातून पैसा जाणार असं त्याला वाटतं. मातृवंदनाचे पैसे तिच्याच खात्यात येतात, नाहीतर येतच नाहीत, हे त्याला आकड्यांत सांगितलं की तोच तिला सायकलवर बसवून पोस्टात घेऊन जातो.

ही मजूर कुटुंबं एका गावी टिकत नाहीत, ही या कामातली खरी अडचण. आज ओळख झालेली जोडी पावसाळ्यानंतर जुन्नरला किंवा नाशिकला गेलेली असते. म्हणून बचतगटासारखी बांधणी, जिला वर्षानुवर्षं त्याच बायका लागतात, इथे फारशी जमत नाही. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाच्या गटांत गावातल्या बायका असतात, बाहेरच्या नसतात. त्याऐवजी जाणाऱ्या प्रत्येकीबरोबर तिची पिशवी नीट जावी हे बघावं: ई-श्रमचा क्रमांक, रेशन कार्डाचा क्रमांक, माता-बाल संरक्षण कार्ड, पोरांची शिक्षण हमी कार्डं, पासबुक आणि भरलेली डायरी. पाणी लागू नये म्हणून सगळं झिप असलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात. अंगणवाडीची नोंद पुढच्या गावी जावी म्हणून सेविकेला निघण्याची तारीख आधी कळवायची. राज्याच्या महिला व बालविकास विभागाकडे त्यासाठी स्थलांतराचा माग ठेवणारी ऑनलाइन प्रणाली आहे, पण तिच्यात नोंद सेविकेलाच करावी लागते, म्हणून ती कुटुंब निघण्याआधी झालेली बरी. शेवटचा पगार निघाल्याखेरीज ट्रकमध्ये सामान चढवू नये, आणि तो मिळाला की डायरीच्या त्याच पानावर सुपरवायझरची सही घ्यावी, तिच्या नावापुढे.